विश्लेषण : डिव्हिलियर्स, डू प्लेसिस, रूसो... दक्षिण आफ्रिकेच्या संघात फ्रेंच आडनावं आली कुठून?

२५ ऑक्टोबर २०१५, रविवार. वानखेडे स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला मालिकेचा निकाल लावणारा पाचवा एकदिवसीय सामना. पाहुण्यांनी ५० षटकांत ४ बाद ४३८ धावा कुटल्या. क्विंटन डी कॉकच्या १०९, फाफ डू प्लेसिसच्या १३३ आणि एबी डिव्हिलियर्सच्या अवघ्या ६१ चेंडूंत ११९. भारत २१४ धावांनी हरला आणि मालिकाही गेली. मुंबईकरांना तो दिवस अजून आठवत असेल.

आज त्या धावफलकाकडे वेगळ्या कारणासाठी बघू. शतक ठोकणाऱ्या तिघांपैकी डी कॉक हे आडनाव डच आहे. उरलेली दोन, डू प्लेसिस आणि डिव्हिलियर्स, फ्रेंच आहेत. दक्षिण आफ्रिकेवर आधी डचांच्या कंपनीनं आणि मग इंग्रजांनी राज्य केलं. फ्रान्सचं राज्य तिथे कधीच नव्हतं. मग ही फ्रेंच आडनावं तिथे पोहोचली कशी? आणि ज्या घरांत ही आडनावं आहेत, तिथे आज फ्रेंच का बोलली जात नाही?

या प्रश्नांची उत्तरं एका आडनावाच्या प्रवासातून मिळतात. तो प्रवास समजून घेऊया.

‘डिव्हिलियर्स’चा अर्थ काय?

आमच्या डेस्कवर हे आडनाव कसं लिहायचं यावरून नेहमी वाद होतो. डिव्हिलियर्स, डीव्हिलियर्स की डी व्हिलियर्स? मूळ फ्रेंचमध्ये हे दोन शब्द आहेत. ‘द’ म्हणजे ‘चा’ किंवा ‘इथला’. ‘विल्ये’ हे वस्तीचं नाव. लॅटिनमध्ये शेतघराला ‘व्हिला’ म्हणत आणि त्याच्या आजूबाजूच्या छोट्या वस्तीला ‘व्हिलारे’. त्यावरूनच हे गावनाव आलं. मराठीत सांगायचं तर विल्ये म्हणजे वाडी आणि द विल्ये म्हणजे वाडीकर.

म्हणजे एबी वाडीकर म्हटलं तर अर्थाच्या दृष्टीनं काही चुकणार नाही.

आपल्याकडे वाडी नावाची गावं जशी जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतात, तशी फ्रान्समध्ये विल्ये नावाची गावं अनेक आहेत. त्यामुळे हे आडनाव असलेले सगळे एकाच घराण्यातले नसतात. उदाहरणार्थ, इंग्लंडमधल्या बकिंगहॅमच्या सरदार घराण्याचं आडनावही व्हिलियर्सच होतं, पण त्या घराण्याचा दक्षिण आफ्रिकेतल्या कुटुंबाशी संबंध नाही.

इतर आडनावंही अशीच साधी आहेत. ‘प्लेसी’ म्हणजे फांद्या एकमेकींत गुंफून केलेलं कुंपण आणि त्या कुंपणातली जागा. कोकणात अशा कुंपणाला वई म्हणतात. ‘डु प्रिझ’चं मूळ कुरणात आहे. ‘रूसो’ म्हणजे लालसर केसांचा. गाव, झाड, धंदा, अंगाचा रंग यांवरून आडनाव पडण्याची पद्धत आपल्याला काही नवी नाही.

ह्यूगनॉ म्हणजे कोण?

सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मसुधारणेची चळवळ उभी राहिली. फ्रान्समध्ये जॉन कॅल्विनच्या विचारांचे जे प्रोटेस्टंट झाले, त्यांना ह्यूगनॉ म्हणत. राजा आणि बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती. दोन्ही बाजूंत अनेक वर्षं यादवी चालली. २४ ऑगस्ट १५७२ रोजी पॅरिसमध्ये सुरू झालेल्या कत्तलीत हजारो ह्यूगनॉ मारले गेले.

१५९८ मध्ये चौथ्या हेन्री राजानं नान्तचा जाहीरनामा काढला. कॅथलिक हाच राज्याचा धर्म राहिला, पण ह्यूगनॉंना ठरावीक ठिकाणी प्रार्थना करण्याची, नोकरी-धंद्याची आणि काही शहरं स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची मुभा मिळाली.

त्या शहरांपैकी सर्वांत महत्त्वाचं होतं पश्चिम किनाऱ्यावरचं ला रोशेल हे बंदर. डिव्हिलियर्स कुटुंबाची गोष्ट याच भागातून सुरू होते. १६२७-२८ मध्ये राजाच्या फौजांनी या शहराला वर्षभराहून अधिक काळ वेढा घातला. शहरात सुमारे २७ हजार लोक होते. शरणागतीच्या वेळी त्यातले जेमतेम ५ हजार जिवंत होते. बाकीच्यांपैकी बहुतेक जण उपासमारीनं गेले.

१६८५ मध्ये असं काय झालं?

ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं नान्तचा जाहीरनामा रद्द केला. नव्या हुकुमानुसार ह्यूगनॉंची प्रार्थनास्थळं पाडायची, शाळा बंद करायच्या आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक पद्धतीनं करायचा. धर्मगुरूंनी धर्म बदलावा, नाहीतर १५ दिवसांत देश सोडावा.

सामान्य माणसांना मात्र देश सोडायलाही बंदी होती. पळताना सापडलेल्या पुरुषांना वल्ह्यांच्या जहाजांवर सक्तमजुरीला पाठवत आणि बायकांना तुरुंगात टाकत. या हुकुमाच्या काही वर्षं आधीपासूनच ह्यूगनॉंच्या घरांत सैनिक मुक्कामाला ठेवले जात होते. घरातले धर्म बदलायला तयार होईपर्यंत ते हलत नसत. त्यांचा खर्च घरमालकानंच करायचा आणि त्रासही त्यानंच सोसायचा.

तरीही सुमारे दोन लाख ह्यूगनॉ फ्रान्समधून निसटले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कुणी रात्री डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला गेले, कुणी मालवाहू जहाजांत लपून इंग्लंड आणि हॉलंडला. काही अमेरिकेत पोहोचले. न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल गावाचं नाव ला रोशेलवरूनच पडलं. इंग्रजीतला ‘रेफ्युजी’ हा शब्दही याच लोकांमुळे रूढ झाला.

मग ते आफ्रिकेत कसे गेले?

हॉलंडमध्ये निर्वासितांची गर्दी झाली होती. त्याच वेळी डच ईस्ट इंडिया कंपनीला केपमध्ये शेतकरी हवे होते. युरोपातून भारत आणि जावाकडे जाणारी कंपनीची जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला ताजं पाणी, मांस आणि भाजी घ्यायला थांबत. त्यासाठी कंपनीनं १६५२ मध्ये तिथे ठाणं वसवलं होतं. द्राक्षांच्या वेलीही लावल्या होत्या, पण दारू चांगली बनत नव्हती. द्राक्षमळ्यातलं कळणारी माणसं हवी होती आणि फ्रेंचांना ते काम येत होतं.

कंपनीनं अटी घातल्या. जहाजाचं भाडं माफ. कसता येईल तेवढी जमीन मिळेल. बी-बियाणं आणि अवजारं उधारीवर मिळतील, पण ती फेडावी लागतील. कंपनीशी निष्ठेची शपथ घ्यायची आणि निदान पाच वर्षं तिथेच राहायचं.

१६८८ आणि १६८९ मध्ये अनेक जहाजांतून मिळून दीडशे ते दोनशे ह्यूगनॉ केपला उतरले. ‘ओस्टरलँड’ जहाजातून झाँ प्रिअर डु प्लेसी हा शल्यवैद्य आला. दक्षिण आफ्रिकेतले डू प्लेसिस हे आडनाव त्याच्यापासून सुरू झालं असं मानलं जातं.

तीन भाऊ, एक शिफारसपत्र

पिएर, आब्राहाम आणि जाक द विल्ये हे तीन भाऊ हॉलंडहून ‘झिऑन’ या जहाजात बसले आणि मे १६८९ मध्ये केपला पोहोचले. प्रवासाला सुमारे चार महिने लागले. सोबत कंपनीच्या डेल्फ्ट शाखेचं डिसेंबर १६८८ मधलं एक पत्र होतं. केपचा प्रमुख सायमन व्हॅन डर स्टेल याला त्यात कळवलं होतं, की या भावांना द्राक्षमळा लावणं आणि सांभाळणं चांगलं जमतं, त्यांना मदत करावी.

आजच्या भाषेत हे ‘रेफरन्स लेटर’ झालं. देश गेला, घर गेलं, पण हातातलं कसब सोबत आलं आणि त्याचा लेखी पुरावाही आला. तिघा भावांना पुढे जे स्थान मिळालं, त्यात या कागदाचा वाटा मोठा होता.

त्यांना केप टाउनच्या पूर्वेला डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या. हत्तींच्या वावरामुळे त्या भागाला ‘ओलिफांट्सहुक’, म्हणजे हत्तींचा कोपरा म्हणत. फ्रेंच आल्यावर तो ‘फ्रान्सहुक’, म्हणजे फ्रेंचांचा कोपरा झाला. भावांच्या शेतांची नावं होती बुर्गोन्य, शाम्पान्य आणि ला ब्री. ही तिन्ही फ्रान्समधल्या प्रांतांची नावं. परत जाता येणार नव्हतं, म्हणून नावं इथे आणली. आब्राहामनं पुढे १७१५ मध्ये बोशेंडाल हा मळाही विकत घेतला. १८१२ मध्ये कुटुंबातल्या पुढच्या पिढीनं बांधलेला तिथला पांढराशुभ्र वाडा आजही पर्यटक बघायला जातात.

भाषा गेली, मग आडनाव कसं टिकलं?

ह्यूगनॉंना एकत्र राहायचं होतं. स्वतःचा धर्मगुरू, स्वतःचं चर्च, स्वतःची शाळा हवी होती. कंपनीला मात्र वसाहतीत वेगळा फ्रेंच गट नको होता. फ्रान्स हा हॉलंडचा शत्रू होता, हेही एक कारण. त्यामुळे फ्रेंचांच्या शेतांच्या अधेमधे मुद्दाम डचांना जमिनी दिल्या गेल्या. १६८९ मध्ये ह्यूगनॉंनी स्वतंत्र चर्च मागितलं, तेव्हा व्हॅन डर स्टेल चिडला. पुढे हॉलंडहून परवानगी आली, पण अटींसह.

१७०१ मध्ये कंपनीनं धोरण पक्कं केलं. मुलांना डचच शिकवायची आणि फ्रेंच हळूहळू बंद होऊ द्यायची. फ्रेंच धर्मगुरू पिएर सिमों १७०२ मध्ये परत गेले. त्यांच्या जागी आलेल्यांना फ्रेंच येत होती, पण प्रवचन डचमध्ये द्यायचं होतं. १७५०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय केपला आला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलणारी फक्त वयस्कर माणसं भेटली. सहा-सात दशकांत भाषा संपत आली होती.

आडनाव टिकलं, कारण ते कागदावर होतं. जमिनीच्या सनदेत, चर्चच्या लग्न आणि बाप्तिस्म्याच्या वहीत, मृत्युपत्रात. भाषा घरात बोलणारं माणूस गेलं की जाते. आडनाव सातबाऱ्यावर असलं की सहसा जात नाही.

स्पेलिंग का बदललं?

कागदावर लिहिणारा कारकून डच होता. तो ऐकेल तसं लिहायचा. त्यातून आडनावांनी नवी रूपं घेतली:

• रूसो : फ्रेंच तत्त्वज्ञ रूसोचंच आडनाव. केपमध्ये त्याचं स्पेलिंग बदललं. आयपीएल खेळलेला रायली रूसो हेच आडनाव लावतो. गंमत म्हणजे मराठीत आपण दोघांनाही ‘रूसो’च लिहितो, त्यामुळे हा फरक आपल्याला दिसतच नाही.

• क्रोन्ये : हान्सी क्रोनिएचं आडनाव. लिहिताना शेवटचं अक्षर बदललं, उच्चार मात्र राहिला.

• पिनार : याचं ‘पिनाआर’ झालं. १९९५ मध्ये नेल्सन मंडेलांच्या हातून रग्बी विश्वचषक घेणारा कर्णधार फ्रान्स्वा पिनार आठवतो ना? तोच.

• डे प्रे : यावरून डु प्रिझ. दक्षिण आफ्रिकेच्या महिला संघाची माजी कर्णधार मिन्यॉन डु प्रिझ.

• लाबुस्कान्य : यावरून लाबुशेन. मार्नस आज ऑस्ट्रेलियाकडून खेळतो, पण त्याचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला. आडनावाचा दुसरा प्रवास याच पिढीत झाला.

‘द विल्ये’चं लेखी रूप फारसं बदललं नाही, उच्चार बदलला. आफ्रिकान्स भाषेत व्हीचा उच्चार ‘फ’ होतो, त्यामुळे तिथे ते ‘द फिल्ये’च्या जवळ जातं. शेवटचा एस तिथेही उच्चारत नाहीत, अगदी फ्रेंचसारखं. आपण मात्र इंग्रजी समालोचन ऐकून शेवटचं अक्षरही स्पष्ट म्हणतो. चिन्नास्वामीवर हजारो गळ्यांतून निघणारा ‘एबीडी’ हा बहुधा सर्वांत सुरक्षित उच्चार.

त्या मळ्यांत राबलं कोण?

इथपर्यंतची गोष्ट छळातून निसटलेल्या, कष्टानं उभ्या राहिलेल्या लोकांची आहे. पण ती अर्धीच आहे.

ह्यूगनॉंना मिळालेली जमीन मोकळी नव्हती. केपच्या त्या भागात खोइखोइ पशुपालक पिढ्यान् पिढ्या गुरं चारत होते. कंपनीच्या सनदांमध्ये त्यांच्या हक्काला जागा नव्हती. चराऊ कुरणं शेतांत गेली आणि १७१३ मध्ये आलेल्या देवीच्या साथीत असंख्य खोइखोइ मेले.

मळ्यांत राबणारे हात बहुतांशी गुलामांचे होते. इतिहासकारांच्या अंदाजानुसार १६५२ ते १८०८ या काळात केपला सुमारे ६३ हजार गुलाम आणले गेले. पूर्व आफ्रिका, मादागास्कर आणि इंडोनेशियाच्या बेटांबरोबरच त्यातले जवळपास एक चतुर्थांश भारतीय उपखंडातले होते. बंगाल, कोरोमंडल आणि मलबारच्या किनाऱ्यांवरून त्यांना जहाजात भरलं गेलं.

त्यांच्या नावांचं काय झालं? आई-बापांनी ठेवलेलं नाव पुसून मालक नवं नाव ठेवायचा. पुढे ‘व्हॅन बेंगाले’, ‘व्हॅन मलबार’ अशी जोड. अर्थ ‘बंगालचा’, ‘मलबारचा’. काहींना वर्षातल्या महिन्याचंच नाव दिलं गेलं. सप्टेंबर, फेब्रुवारी ही आडनावं आजही केप टाउनमध्ये सापडतात.

‘द विल्ये’ आणि ‘व्हॅन बेंगाले’, व्याकरण एकच. अमुक गावचा, तमुक देशाचा. पण पहिलं नाव माणसानं स्वतः सोबत आणलं. दुसरं त्याच्यावर लादलं गेलं, आणि तेही बहुतेकदा पुढच्या पिढीपर्यंत पोहोचलं नाही. अँजेला व्हॅन बेंगाले ही बंगालहून आणलेली स्त्री १६६६ मध्ये गुलामगिरीतून सुटली. १६६९ मध्ये तिनं बासॉन आडनावाच्या युरोपीय माणसाशी लग्न केलं. तिच्या वंशजांनी पुढे बासॉन हे आडनाव लावलं, बंगाल त्यात कुठेच राहिला नाही.

केपमधली गुलामगिरी कायद्यानं संपायला १८३४ साल उजाडलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९४८ मध्ये, डी. एफ. मालान पंतप्रधान झाले आणि वर्णभेदाचं धोरण सरकारी झालं. मालान हे आडनावही ह्यूगनॉंचंच. धर्मामुळे हाकलल्या गेलेल्यांच्या वंशजांचं आडनाव रंगावरून माणसं वेगळी करणाऱ्या सरकारच्या प्रमुखाच्या सहीत दिसलं. पूर्वजांनी भोगलेला अन्याय आडनावाबरोबर पुढे जातो, त्यातला धडा पुढे जाईलच असं नाही.

वंशावळ कशी शोधली?

डिव्हिलियर्स घराण्यातल्याच क्रिस्टोफेल कुट्झे डिव्हिलियर्स यांनी केपमधल्या जुन्या कुटुंबांच्या वंशावळी गोळा केल्या. १८८७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं काम १८९३-९४ मध्ये तीन खंडांत छापलं गेलं. पुढे कॉर्नेलिस पामा यांनी त्यात भर घातली.

त्यांची क्रमांक पद्धत आजही वापरतात आणि ती फार सोपी आहे. मूळ पुरुष ‘ए’. त्याची मुलं ‘बी’, नातवंडं ‘सी’, पतवंडं ‘डी’. सोबत जन्मक्रमाचा आकडा. म्हणजे ‘बी३ सी१ डी२’ याचा अर्थ मूळ पुरुषाच्या तिसऱ्या अपत्याच्या पहिल्या अपत्याचं दुसरं अपत्य. कॉम्प्युटरवर फोल्डरमध्ये फोल्डर उघडत जावं तसं हे आहे. क्रमांक वाचला की माणूस कुठल्या फांदीवर बसला आहे ते कळतं.

अडचण एवढीच, की या झाडावर तोच दिसतो ज्याचं नाव चर्चच्या किंवा कंपनीच्या वहीत नीट लिहिलं गेलं. ज्या गुलाम आईच्या मुलाच्या बापाचं नाव वहीत लिहिलंच नाही, त्याला क्रमांक नाही.

एक आडनाव, किती माणसं?

पार्ल हे फ्रान्सहुकच्या शेजारचं गाव. जॉन हेन्री डिव्हिलियर्स यांचा जन्म तिथे १८४२ मध्ये झाला. १८७४ मध्ये ते केप वसाहतीचे आणि १९१० मध्ये नव्या दक्षिण आफ्रिका संघराज्याचे पहिले सरन्यायाधीश झाले.

त्याच पार्लमध्ये १९५७ मध्ये पीटर डिव्हिलियर्स यांचा जन्म झाला. वर्णभेदाच्या कायद्यात ज्यांना ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवर्णीय ठरवलं गेलं, त्या समाजातले ते. २००८ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचे पहिले गौरेतर प्रशिक्षक झाले. केपच्या मिश्रवर्णीय समाजात फ्रेंच आणि डच आडनावं वेगवेगळ्या वाटांनी आली. कुठे लग्नातून, कुठे मालकानं नाकारलेल्या मुलांतून, कुठे मळ्याच्या मालकाचं आडनाव मजुरानं लावल्यामुळे. प्रत्येक घराची वाट वेगळी असते आणि नुसत्या आडनावावरून ती कळत नाही.

तिसरे मार्थिनस लॉरेन्स डिव्हिलियर्स. हे धर्मगुरू होते. ‘डी स्टेम’ या आफ्रिकान्स गीताला त्यांनी १९२१ मध्ये चाल लावली. वर्णभेदाच्या काळात हेच देशाचं राष्ट्रगीत होतं. मंडेलांच्या काळात, १९९७ मध्ये, ते पूर्ण बाजूला टाकलं गेलं नाही. आधी कृष्णवर्णीयांच्या लढ्याचं ‘नकोसी सिकेलेल आफ्रिका’ आणि मग ‘डी स्टेम’चा काही भाग, असं एकच राष्ट्रगीत तयार झालं.

पुढच्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेचा संघ रांगेत उभा राहील, तेव्हा ते राष्ट्रगीत शेवटपर्यंत ऐका. मध्येच चाल बदलते. बदललेली ती चाल एका डिव्हिलियर्सची आहे. ती गाणाऱ्या अकरा जणांत कुणाचं आडनाव फ्रेंच असेल, कुणाचं डच, कुणाचं झुलू, तर कुणाचं एखाद्या महिन्याचं.